सगळ्यांनी मिळून हरायचा खेळ

निवृत्तीनंतर काय काय करायचं याची यादी आत्याने नोकरीत असतानाच करून ठेवली होती. सकाळी चालायला जायचं, देवाचं नाव घ्यायचं, गुडघ्यांचे व्यायाम करायचे आणि कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. पहिली तीन कामं आठवडाभर टिकली. चौथं पहिल्याच दिवशी दुपारी मोडलं. खाली टेम्पोवाला कपाट उतरवत होता आणि आत्याने दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून "डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!" असं करत करत ते कपाट जिन्याच्या कठड्यात असं काही अडकवून दिलं, की शेवटी सुताराला बोलवावं लागलं.

तिचा तरी काय दोष? बत्तीस वर्षं ती बस डेपोच्या कंट्रोल रूममध्ये बसली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या, टेबलावर वायरलेसचा संच. संचाच्या या टोकाला आत्या आणि त्या टोकाला एकशे चाळीस बसगाड्या. कुठली गाडी कुठे अडकली, कुठून वळवायची, कुणाची फेरी रद्द करायची, हे सगळं ती सांगायची आणि तिकडून उत्तर यायचं, "होय बाई." बत्तीस वर्षं रोज शे-दोनशे वेळा "होय बाई" ऐकल्यावर माणसाचं जे होतं तेच तिचं झालं होतं. देवापुढे हात जोडले तरी ती मागणं मागायची नाही, सूचना द्यायची. "भावाचा खोकला आधी बघ. माझे गुडघे मागाहून बघितलेस तरी चालेल. आणि पाऊस चारच्या आत नको, कपडे वाळत घातलेत." देवाकडून "होय बाई" येत नसे, तेवढं मात्र तिला खटकायचं.

लग्न तिने केलं नव्हतं. "एका नवऱ्यालाच तेवढं वळवायचं राहिलं," असं ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची.

घरात ती एकटी. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी राहायची. त्या मुलीला सगळे मुंगी म्हणत. हे नाव आत्यानेच पाडलेलं. मुंगी बूट घालायला बसली, की उजव्या आणि डाव्या बुटाच्या मध्ये तिला काहीतरी आठवायचं, आणि ते आठवून संपेपर्यंत डावा बूट हातातच राहायचा. बोलायचीही तशीच. वाक्य सुरू करून मध्येच थांबायची, आणि तुम्ही धीर धरलात तर पुढे जायची. आत्याने धीर कधी धरला नव्हता. मुंगीची निम्मी वाक्यं तीच पुरी करून टाकायची, आणि तिला वाटायचं, पोरीला केवढी मदत होते!

भाऊ एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा, त्याची बायको पोस्टात होती. शाळा दीडला सुटायची आणि आईबाप साडेसहाला घरी यायचे. मधले पाच तास मुंगी आत्याकडे. आत्या रिटायर झाल्यापासून हीच व्यवस्था होती. आणि खरं सांगायचं, तर दिवसाचे उरलेले तास आत्या या पाच तासांची वाट बघण्यात घालवायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कंट्रोलर वाट बघत नाहीत, वेळ पाळतात.

तो खेळ घरात आणला मुंगीच्या आईने. शाळेत पालकांच्या सभेत वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, की मुलांना कधीतरी असे पटावरचे खेळ द्या ज्यात कुणी कुणाला हरवत नाही. सगळे एका बाजूला आणि पलीकडच्या बाजूला खेळ. जिंकले तर सगळे जिंकले, हरले तर सगळे हरले. "मुलं आपसात बोलायला शिकतात, मदत मागायला शिकतात," असंही बाई म्हणाल्या होत्या. मुंगीच्या आईने खोकं आत्याच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, बघा बुवा. हिला जरा बोलतं करा."

"मी आहे ना," आत्या म्हणाली. तीच तर अडचण होती, पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं.

खेळाचं नाव 'पूर'. पटावर नदीकाठचं एक गाव, बारा घरं, एक गिरणी आणि वर एक टेकडी. नदीला पूर येतोय. घरांतली माणसं आणि पलीकडच्या काठावरच्या शेळ्या टेकडीवर पोचवायच्या. चौघांनी खेळायचं आणि प्रत्येकाला एक काम. नावाडी माणसं वाहतो, सुतार पूल बांधतो, वैद्य आजाऱ्याला उभं करतो आणि गुराखी शेळ्या हाकतो. प्रत्येकाची चाल झाली की एक पत्ता उलटायचा आणि पाणी चढायचं, कधी एक पायरी, कधी दोन. बाराव्या पायरीला गाव बुडालं.

चौघं हवेत म्हणून वरच्या मजल्यावरची जुळी बोलावली. आठ वर्षांचा भाऊ आणि आठ वर्षांची बहीण. भाऊ सहा मिनिटांनी मोठा, पण सहा वर्षांनी मोठा असल्यासारखा मिरवायचा, म्हणून तो थोरला आणि ती धाकटी. या दोघांनी सापशिडीचा एक पट मधोमध फाडला होता आणि पत्त्यांच्या एका कॅटमधला बदामचा राजा चावून ठेवला होता. जो हरेल तो रडायचा आणि जो जिंकेल तो मार खाऊन रडायचा.

पहिल्या दिवशी गाव बुडालं.

मुलांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. आत्याला मात्र जेवण गेलं नाही. बत्तीस वर्षं एकशे चाळीस गाड्या हाकणारी बाई आणि तिच्या डोळ्यांदेखत गाव बुडतं? ते सुद्धा बारा घरांचं? तिने नियमांची पुस्तिका उशाशी घेतली, पत्ते मोजले, दोन पायऱ्या चढवणारे किती आणि एक पायरी चढवणारे किती ते लिहून काढलं. मग चौकटींचा कागद काढून, पट्टी लावून, लाल आणि निळ्या पेनाने ड्यूटी चार्ट तयार केला. वर चार कामं, खाली चालींचे क्रमांक. नावाडी स्वतः ती, कारण ते जबाबदारीचं काम. तीन नंबरच्या चालीला सुताराने गिरणीजवळ पूल बांधायचा. पाच नंबरला वैद्याने मोठ्या घरात शिरायचं. कुणी विचार करत बसायचं नाही.

त्यानंतर ते हरले नाहीत. सलग एकोणीस डाव जिंकले! आत्या प्रत्येक डावानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक रेघ मारायची आणि भाऊ आला की त्याला दाखवायची.

"पोरं शिकली बघ," ती म्हणायची. "मुंगी, चार नंबरला काय करायचं?"

"हो आत्या," मुंगी म्हणायची.

"अगं, हो काय? काय करायचं?"

"तू सांगशील ते."

आता कुणीही शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. आत्याने विसाव्या रेघेसाठी कॅलेंडरवर जागा आखून ठेवली.

महिना संपायला आठच दिवस उरले होते तेव्हा भाऊ एका शुक्रवारी मुंगीला न्यायला आला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहिला. तो असा दारात उभा राहिला की काहीतरी नको असलेलं घेऊन आलेला असतो, हे आत्याला तो चार वर्षांचा होता तेव्हापासून माहीत होतं.

"ताई, शाळेत ना, एक वर्ग सुरू होतोय. शाळा सुटल्यावरचा. सहापर्यंत मुलं तिथेच. चित्रं, माती, गाणी वगैरे."

"बरं मग?"

"पुढच्या शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय."

"कशाला? ती माझ्याकडे येते ना?"

भावाने चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं. "तिनेच मागितलाय गं. आईकडे. परवा."

मुंगी आत डाव्या बुटाशी होती. तिने मान वर केली नाही.

"तुला त्रास नको असं तिला वाटत असेल," भाऊ घाईघाईने म्हणाला. भाऊ लहानपणापासून खोटं बोलायला कच्चा.

ती दोघं गेल्यावर आत्याने टेबलावरचा पट आवरला, मग पुन्हा मांडला, मग पुन्हा आवरला. तिने देवापुढे हात जोडले आणि पहिल्यांदाच तिला सूचना सुचेना. "बघ बाबा," एवढंच म्हणून ती उठली.

शनिवारी ती गुडघ्याच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेली. पुढे रांगेत एक टकला गृहस्थ उभा होता. त्याने दुकानदाराला "सर्दीचं काहीतरी द्या" म्हटलं आणि आत्या ताठ झाली.

"बारा नंबर?"

तो वळला. "बाई! ओळखलंत?"

"आवाज ओळखला. चेहरा बहुतेक पहिल्यांदाच बघतेय."

बारा नंबरची गाडी या माणसाने वीस वर्षं चालवली होती. दोघं दुकानाच्या पायरीवर टेकली. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या आणि मग आत्याने, कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलेलं सगळं त्याला सांगून टाकलं. "एवढं सगळं आखून देते मी. पोरगी तोंडाने हो आत्या, हो आत्या करते, आणि तिकडे जाऊन फॉर्म मागते. आता काय म्हणावं याला?"

बारा नंबर नाक पुसत पुसत हसायला लागला. नाकाला लावलेला रुमाल तसाच, आणि खांदे हलतायत.

"काय झालं?"

"राग मानू नका बाई. आता तुमच्या हातात माझी रजा नाही म्हणून सांगतो. आम्हीपण तेच करायचो."

"काय करायचात?"

"होय बाई म्हणायचो आणि समोर रस्ता दिसेल तसे जायचो."

आत्याने गोळ्यांची पिशवी बाजूला ठेवली.

"तुम्ही सांगायच्या, पुलावरून वळव. पूल दुरुस्तीला. तुमच्या नकाशात तो उघडाच. मग काय करणार? होय बाई म्हणायचं, माईक ठेवायचा, आणि शाळेमागच्या रस्त्याने काढायची गाडी."

"मग मला सांगायचं नाही का, पूल बंद आहे म्हणून?"

"तुम्ही विचारलं कुठे? आणि सांगायला तोंड उघडावं, तर तुम्ही पुढच्या गाडीला लागलेल्या."

"असं किती वेळा केलंस?"

"मी एकट्याने की सगळ्यांनी मिळून?" बारा नंबर म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने पुस्ती जोडली, "पण बाई, तुमचा आवाज आला की बरं वाटायचं हां. खोटं नाही सांगत. कुणीतरी आहे असं वाटायचं."

घरी येताना आत्या तीनदा थांबली. एकदा गुडघ्यामुळे आणि दोनदा हसू आल्यामुळे. ज्या टाचण्या तिने बत्तीस वर्षं सरळ ओळीत लावल्या, त्यांतली कुठली खरी होती देव जाणे. शहर तिच्यामुळे चालत नव्हतं, शहर तिला न दुखवता चालत होतं! निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात "डेपोचा मेंदू" म्हटलं होतं आणि मागच्या रांगेतले सगळे ड्रायव्हर खोकायला लागले होते. तिला वाटलं होतं, पोरांना गहिवरून आलं.

दुसऱ्यांदा हसू आलं, ते मात्र शेवटपर्यंत टिकलं नाही. मुंगीही तिला न दुखवताच चालली होती.

मग सुधारायचं ठरलं. आणि आत्याने सुधारायचं ठरवलं म्हणजे त्याचाही कार्यक्रम आखला गेला. सोमवारी तिने तोंडात लिमलेटची गोळी धरली. गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नाही. जुळ्यांनी पूल भलत्याच ठिकाणी बांधायला घेतला, तेव्हा तिने कडकन गोळी चावली आणि म्हणाली, "गिरणीजवळ!"

मंगळवारी तोंड बंद राहिलं. पण धाकटी म्हणाली, "आत्या, तुझ्या भुवया बोलतायत." आत्याने उठून उन्हाचा काळा चष्मा लावला. थोरल्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डोळे आलेत का?" त्याने नंतर डावभर स्वतःचे हात पाठीमागे धरले, लागण होऊ नये म्हणून.

बुधवारी ती खेळलीच नाही. "तुम्ही तिघंच खेळा, माझी चालही तुम्हीच करा, मी स्वयंपाकघरात आहे," म्हणाली. पटाकडे पाठ करून ती भांडी घासायला लागली. पण कान तर बाहेरच. चाल चुकली की ताट जोरात आपटलं जायचं. पंधरा मिनिटांनी तिला ऐकू आलं, थोरला दबक्या आवाजात सांगत होता, "इथे नको ठेवू. हात जवळ ने, आणि ताट वाजतं का बघ." तिघं मिळून सोंगटी हळूहळू एकेका घरावर फिरवत होती आणि स्वयंपाकघराचा अंदाज घेत होती. आपण गप्प राहूनही कंट्रोल रूम चालवतोय हे लक्षात आल्यावर आत्या ओल्या हातांनीच खुर्चीवर बसली. जिंकले ते. बावीस.

गुरुवारी जुळी आजोळी गेली होती. मुंगीने चित्र काढलं आणि आत्याने तिची फक्त दोनच वाक्यं पुरी केली.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी फॉर्म द्यायचा होता. आत्याने सकाळी देवापुढे बसून सांगितलं, "मला गप्प बसव. कसं ते तू बघ." ही सूचनाच होती, पण निदान योग्य दिशेची.

दुपारी चौघं पटाभोवती बसली. आत्याने ड्यूटी चार्ट मुलांच्या देखत चार तुकडे करून टाकला. मुलं घाबरली. धाकटीला वाटलं, आता आपल्याला रागावणार. आत्या म्हणाली, "आज मी गुराखी. नावाडी मुंगी होईल."

"मी?" मुंगी म्हणाली. "पण मला तर..."

आत्याच्या जिभेवर "काही अवघड नाही त्यात" तयार होतं. तिने जीभ दाताखाली धरली. बराच वेळ गेला. खाली कुणीतरी गाडी पुसत होतं, त्याच्या फडक्याचा आवाज येत होता.

"...मला तर वाटतं की आधी लांबच्या घरातली आजी आणायची," मुंगीने वाक्य पुरं केलं. "तिच्या घराला पाणी आधी लागतं."

चार्टमध्ये आजी सर्वांत शेवटी होती. आत्याला घाम फुटला.

आणि मग त्या टेबलावर असं काही सुरू झालं जे बावीस डावांत कधी झालं नव्हतं. मुलं बोलायला लागली. थोरला म्हणाला, "आजी आणायची तर मला पूल आधी बांधावा लागेल." धाकटी म्हणाली, "पण तुझ्याकडे फळी एकच आहे." थोरला म्हणाला, "मग तुझी दे." धाकटी म्हणाली, "देते, पण माझा आजारी माणूस तू न्यायचा." आत्याला वाटलं आता पट फाटतो. पण धाकटीने फळी दिली आणि थोरल्याने आजारी माणूस नेला! मुंगी मध्येच म्हणाली, "मला कळत नाहीये, सांगा ना." असं मुंगी म्हणू शकते हे आत्याला माहीतच नव्हतं. एकदा मुंगीने आपली चाल धाकटीला देऊन टाकली. नियमांत तशी सोय होती, पण आत्याने चार्ट करताना त्या नियमावर काट मारली होती. चाल फुकट घालवणं, असं बाजूला लिहून.

आत्या गप्प होती. इतकी गप्प, की गप्प राहण्याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. भुवया सरळ. हात मांडीवर. आपला नंबर आला की शेळी एक घर पुढे, आणि पुन्हा भुवया सरळ. मनातल्या मनात ती स्वतःची पाठ थोपटत होती. काय हा संयम! बारा नंबरने बघायला हवं होतं.

अकराव्या पायरीला मुलांची सगळी माणसं टेकडीवर होती. आजीसुद्धा. धाकटी टाळ्या पिटायला लागली. मग थोरल्याने नदीच्या पलीकडे बोट दाखवलं.

"या काय?"

पलीकडच्या काठावर दोन पांढऱ्या शेळ्या उभ्या होत्या.

"आत्या," मुंगी म्हणाली, "तुझ्या शेळ्या राहिल्या."

आत्याने चष्मा वर केला. राहिल्या होत्या खऱ्या. तोंड सांभाळण्याच्या नादात ती एकाच शेळीला टेकडीच्या पायथ्याशी गोल गोल फिरवत बसली होती.

"अरे, मग कुणी सांगितलं का नाही?"

"आम्हाला वाटलं तुला माहीत असेल," धाकटी म्हणाली. "तुला सगळंच माहीत असतं."

"तू विचारलं कुठे?" थोरला म्हणाला.

मुंगीने पत्ता उलटला. एक पायरी चढली. गाव बुडालं.

आत्याने डोळे मिटले. एवढ्या दिवसांत, नेमका आजचा दिवस! आता जुळी एकमेकांच्या झिंज्या धरणार, मुंगी उठून बूट घालायला बसणार, आणि या वेळी लवकर घालणार. पण आवाज भलताच आला. फिस्स करून आवाज आला. तिने डोळे उघडले तर मुंगी तोंडावर हात दाबून हसत होती.

"आत्याच्या शेळ्यांनी बुडवलं!" थोरला ओरडला. हा असा पराभव होता, ज्याच्यात रडायला तो एकटा नव्हता, आणि मारायलाही समोर कुणी नव्हतं. त्याला काय करावं कळेना, म्हणून तो जमिनीवर लोळला. धाकटी त्याच्यावर लोळली. "पुन्हा, पुन्हा," दोघं खालून म्हणत होती.

पट पुन्हा मांडला. या वेळी तिसऱ्याच चालीला आत्या शेळी हातात धरून थांबली. विचारायचं होतं. चारच शब्द होते, पण बत्तीस वर्षांत तिने ते तोंडातून काढले नव्हते आणि आता ते कुठल्या फटीत गेलेत ते सापडत नव्हतं. मुलं तिच्याकडे बघत होती. मुंगीने तिचं वाक्य पुरं केलं नाही. ती नुसती थांबली.

"मला... जमत नाहीये हे," आत्या म्हणाली. "या शेळ्या कुठून नेऊ?"

तिन्ही डोकी एकदम पटावर वाकली. तीन बोटं तीन दिशांना. "इकडून!" "हट्, तिकडे पाणी आहे." "आत्या, आधी काळी घे, पांढरी मागून येते." आत्या काळी घ्यायला लागली, तर "थांब ना, अजून ठरलं नाहीये!" तिला दटावून गप्प बसवलं गेलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत असं तिला कुणी बोललं नव्हतं.

साडेसहाला भाऊ आला. हातात फॉर्म. तो दारातच उभा राहिला. "चल मुंगी, बूट घाल."

"थांब ना बाबा," मुंगी वर न बघता म्हणाली. "आत्याला शेळ्या जमत नाहीयेत."

भावाने आत्याकडे पाहिलं. आत्याने शेळीकडे पाहिलं.

"अगं पण हे काय करायचं?" त्याने कागद हलवला. "शाळेचा शिपाई घरी जाता जाता सातला माझ्याकडे येणार आहे, त्याच्याकडे द्यायचाय. वर्ग घ्यायचाय की नाही? सांग पटकन."

मुंगीने सोंगटी खाली ठेवली आणि आठवायला लागली. आत्याला ते वाक्य दिसत होतं, नको म्हणून सांग, इथेच राहते म्हणून सांग. तिने मांडीवरचे हात एकमेकांत अडकवले. भाऊ खोकला.

"तिथे माती आहे," मुंगी म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "मला माती आवडते." पुन्हा काही नाही. मग ती आत्याकडे वळली. "आत्या, तुला काय वाटतं?"

आत्याला कधी कुणी हे विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती, ती आधीच सांगून मोकळी व्हायची.

"मला तू रोज हवी आहेस," ती म्हणाली. पाण्याचा एक घोट घेतला. "पण ते माझं झालं. ठरव तू."

"थोडे दिवस तिकडे आणि थोडे दिवस इकडे चालेल?"

"चालतं," भाऊ म्हणाला. "दोन दिवसांचाही आहे वर्ग. कोणते दोन ते लिहायचं असतं."

"म्हणजे इथे तीन," आत्या म्हणाली. पाचाचे तीन झाले होते. तिला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे तिचा चेहरा कसा तरीच झाला असावा, कारण धाकटीने विचारलं, "डोळे परत आले का?"

"कोणते तीन?" आत्याने विचारलं. तिच्या मते सोमवार, बुधवार, शुक्रवार. उघड होतं. मध्ये एकेक दिवस मोकळा, हिशोब सरळ. तिने तोंड उघडलं होतं.

"ते आम्ही ठरवतो," मुंगी म्हणाली. "या दोघांना विचारावं लागेल. यांचा पोहण्याचा क्लास असतो."

आणि तिघंही उठून आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं. भाऊ शेवटी चप्पल काढून आत आला आणि खुर्चीवर बसला. बहीणभाऊ पटाच्या दोन बाजूंना, मध्ये अर्धं बुडालेलं गाव.

"काय ठरवतायत गं?" भावाने हळूच विचारलं.

"मला काय माहीत," आत्या म्हणाली, आणि आतून येणारी कुजबुज ऐकू यावी म्हणून खुर्ची दाराजवळ सरकवायला उठली. मग तशीच खाली बसली.